गुलाल सगळ्यांवर सारखाच पडला, तरी कडेचे वेगळे का?

वर्गात अंडं फोडून आतला भ्रूण दाखवायचा असेल, तर अंडी किराणा दुकानातून आणू नयेत. मी आणली होती. थर्माकोलचा डबा, त्यात चाळीस वॅटचा बल्ब, कोपऱ्यात पाण्याची वाटी, झाकणाला भोक पाडून अडकवलेला थर्मामीटर, असा सगळा सरंजाम करून बारा अंडी दोन दिवस उबवली. फोडल्यावर बाराच्या बारांत निघालं ते आम्लेटचं सामान. पोल्ट्रीत अंड्याच्या कोंबड्यांबरोबर कोंबडा ठेवत नाहीत, त्यामुळे ती अंडी फलितच नसतात. बारावीला प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या मला हे आमच्या प्रयोगशाळेतल्या मामांनी सांगितलं. तेही अंडी फुटल्यावर.

पुढच्या आठवड्यात कागलकडून येणाऱ्या एका विद्यार्थिनीनं घरची गावरान अंडी आणली, पेपरात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून. त्यातलं पहिलं अठरा तासांनी उघडलं. बलकावरची पांढुरकी चकती कात्रीनं कापून कोमट मिठाच्या पाण्यात, वॉच ग्लासमध्ये घेतली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. चकतीच्या मध्याकडे जाणारी एक फिकट रेघ दिसत होती.

“सर, केस पडलाय की आत,” ती म्हणाली.

केस नव्हता. प्रिमिटिव्ह स्ट्रीक होती, मराठी पुस्तकांत जिला आद्यरेषा म्हणतात. तोवर पेशींची ती चकती म्हणजे नुसती चकती असते, तिला डोकं नाही की शेपूट नाही. या रेघेपाशी पेशी आत बुडी मारतात आणि एका थराचे तीन थर होतात. वरच्या थरातून कातडी आणि मेंदू-मज्जा, मधल्यातून हाडं, स्नायू, रक्त, हृदय, खालच्यातून आतड्याचं अस्तर, फुप्फुसं, यकृत. कोण काय होणार याची पहिली मोठी वाटणी इथे होते. हिला गॅस्ट्रुलेशन म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी तास संपल्यावर थांबली. “सर, मी रात्री मोबाईलवर बघत बसलो होतो. कोंबडीचं आहे, बेडकाचं आहे, उंदराचं आहे. माणसाचं असं कुणी बघितलंय का?”

तिला व्हरांड्यात जे उत्तर दिलं ते फार त्रोटक होतं. हा लेख त्याचीच भरपाई समजा.

माणसात ही रेघ फलनानंतर साधारण चौदाव्या दिवसाच्या सुमारास उमटते. त्या वेळी भ्रूणाची चकती असते मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास, मोहरीच्या दाण्याहून कितीतरी लहान, आणि गर्भाशयाच्या अस्तरात पुरलेली. बाईची पाळी अजून चुकायची असते किंवा नुकती चुकलेली असते. म्हणजे आपल्या शरीराचा आराखडा आखला जातो तेव्हा घरात कुणालाच काही ठाऊक नसतं. पुढे अठ्ठाविसाव्या दिवसाच्या आसपास मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून मेंदू आणि मज्जारज्जू होतात ती नळी, मिटूनही जाते. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या दिवस राहण्याआधीपासून घ्या असं डॉक्टर सांगतात ते याच कारणानं. बातमी कळल्यावर सुरुवात केली तर गाडी निम्मी पुढे गेलेली असते.

सोनोग्राफीत हे दिसत नाही. मग पाहिलं कुणी? बॉस्टनमध्ये हर्टिग आणि रॉक या दोन डॉक्टरांनी १९३८ पासून पुढची पंधराएक वर्षं, वैद्यकीय कारणानं गर्भाशय काढावं लागलेल्या स्त्रियांकडून, सतराव्या दिवसापर्यंतचे ३४ मानवी भ्रूण मिळवले. आपली पाठ्यपुस्तकातली चित्रं बरीचशी अशाच मोजक्या नमुन्यांच्या कापांवरून आली आहेत. हे काप म्हणजे थांबवलेले फोटो. चेंडू हवेत असतानाचा फोटो पाहून तो कुणी आणि का फेकला ते सांगता येत नाही, तसंच याचंही.

प्रयोगशाळेत फलित केलेलं मानवी बीजांड तिथेच वाढवत का नेत नाहीत? चौदा दिवसांच्या पुढे न्यायला मनाई आहे. ब्रिटनमधल्या वॉर्नॉक समितीनं १९८४ मध्ये ही मर्यादा सुचवली आणि १९९० मध्ये तिचा तिथे कायदा झाला. भारताच्या २०१७ च्या मूलपेशी संशोधनाच्या मार्गदर्शक सूचनांतही तेच आहे: चौदा दिवस किंवा आद्यरेषा, जे आधी येईल ते. मूलपेशी संशोधकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०२१ मध्ये आपल्या सूचनांतली ही सरसकट बंदी सैल केली, पण देशोदेशीचे नियम आपापल्या जागी आहेत. म्हणजे गोष्ट रंगात येते नेमकं तिथेच पडदा पडतो. मला स्वतःला ही मर्यादा जाचक वाटत नाही. कुठेतरी रेघ आखायचीच, तर निसर्गानं आखलेली रेघ त्यासाठी बरी.

मग उंदरावर भागवावं का? पुष्कळ भागतं, पण सगळं भागत नाही. थॅलिडोमाइड हे औषध १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं आणि गरोदर बायकांना मळमळीवर दिलं गेलं. १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत, जगभरात दहा हजारांहून जास्त बाळं हातपाय खुरटलेली, व्यंग घेऊन जन्मली. हेच औषध गाभण उंदरिणीला दिलं तर पिल्लांचे पाय बहुतेक धडधाकट राहतात. ज्या प्रथिनाला ते चिकटतं, त्यात उंदरात आणि माणसात बारीकसा फरक आहे. उंदराची चकती तर चकतीही नसते, पेल्यासारखी वळलेली असते. माणसाचं माणसाच्या पेशींतच बघावं लागतं असे काही प्रश्न आहेत, आणि मूलपेशींचं काम तिथे सुरू होतं.

मूलपेशी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर गुडघेदुखीचे फलक येतात. ते बाजूला ठेवा. आपल्याकडे प्रत्यारोपणाचा मान्य उपचार आहे तो रक्ताच्या मूलपेशींचा, ठरावीक आजारांसाठी. बाकीचं अजून चाचणीच्या पायरीवर आहे. इथे मी बोलतोय ते कुठल्याही ऊतीची पेशी बनू शकणाऱ्या मूलपेशींबद्दल. जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेत त्या मानवी भ्रूणातून वेगळ्या करून बशीत वाढवल्या. पुढे क्योटोच्या शिन्या यामानाका यांनी भ्रूणाची गरजच काढून टाकली. २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतल्या साध्या पेशींत चार जनुकं घालून त्यांनी त्या उलट्या पावली मूलपेशींच्या अवस्थेला नेल्या. २०१२ चं नोबेल त्यांना जॉन गर्डन यांच्यासोबत मिळालं. टिश्यू कल्चरची केळी आणि ऊस आपल्या शिवारात मुरलेले आहेत, त्यामुळे मुलांना हे पटकन उमजतं. फरक एवढाच, की उसाच्या तुकड्यातून अख्खं रोप उठतं. या पेशी मात्र बशीत नुसत्या सोडल्या तर कुठे हृदयाच्या पेशी धडधडतायत, कुठे चेतापेशींचे धागे निघालेत, असा सगळा गोंधळ माजतो. माल सगळा असतो, मांडणी नसते.

हा लेख त्या मांडणीबद्दल आहे.

पेशीला आपण कुठे आहोत हे कसं कळतं? जुनं उत्तर समजायला जोतिबाची चैत्र यात्रा पुरते. पालखी निघते, सासनकाठ्या नाचतात, “चांगभलं”चा गजर होतो आणि गुलाल-खोबऱ्याची उधळण सुरू होते. घरी आलेल्या माणसाचा सदरा पाहून तो पालखीपासून किती लांब होता ते सांगता येतं. जवळचा डोक्यापासून पायापर्यंत लाल, मधला गुलाबी, लांबचा नुसता शिंतोड्यांचा. लुईस वोल्पर्ट यांनी १९६९ मध्ये जी कल्पना मांडली ती थोडीफार अशीच. भ्रूणात एका बाजूनं एखादं रसायन पाझरतं, लांब जाईल तसं विरळ होतं, आणि अंगावर किती पडलं यावरून पेशी ठरवते की मी निळी, पांढरी की लाल. त्यांनी उदाहरण फ्रान्सच्या झेंड्याचं दिलं होतं. जोतिबाला आले असते तर बदललं असतं.

आता २०१४ चा प्रयोग बघा. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात अली ब्रिव्हानलू आणि एरिक सिगिया यांच्या गटानं, आर्ये वॉर्मफ्लॅश त्यात पुढे होते, काचेवर पेशींना चिकटायला लागणाऱ्या प्रथिनाचे गोल ठसे उमटवले. एक ठसा साधारण मिलिमीटरभर रुंद. हुपरीच्या चांदीच्या कामात छाप मारतात तसं काम, पण डोळ्याला दिसणार नाही इतकं बारीक. ठशाबाहेर पेशी चिकटतच नाहीत. मानवी मूलपेशी त्यावर सोडल्या की प्रत्येक ठशावर पेशींची गच्च भरलेली गोल चकती तयार होते. मग वरच्या द्रावणात बीएमपी-४ नावाचं एकच प्रथिन घातलं. भ्रूणात शेजारच्या ऊती जे संदेश पाठवतात त्यांतलं हे एक.

दोन दिवसांत प्रत्येक चकतीवर कडी उमटली होती. निरनिराळ्या प्रथिनांना निरनिराळे चमकणारे रंग लावले की दिसतं: मध्यभागी वरच्या थराच्या पेशी, भोवती मधल्या थराचं कडं, त्याबाहेर खालच्या थराचं कडं आणि अगदी काठाला भ्रूणाबाहेरच्या ऊतींसारख्या पेशी. रांगोळीसारखं चित्र, पण रांगोळीला कुणाचा तरी हात लागतो.

घोटाळा तुमच्या लक्षात आला का? बीएमपी-४ एका बाजूनं पाझरत नव्हतं. ते अख्ख्या बशीत सारखं मिसळलेलं होतं. गुलाल सगळ्यांवर एकसारखा पडला, तरी कडेचे एक झाले आणि मधले दुसरेच.

याचं उत्तर पुढच्या दोन वर्षांत त्याच गटानं शोधलं. यात्रेतल्या गर्दीत पुन्हा उभे राहा, पण आता मधोमध. दोन्ही बाजूंनी माणसं दाबतायत, हात अंगाशी चिकटलेत, वर उचलता येत नाहीत. गुलाल वरून पडतोय, पण तुम्ही ओंजळ पसरू शकत नाही. कडेच्या माणसाचे हात मोकळे असतात. पेशी दाटीवाटीनं वाढल्या की बीएमपी धरणारे त्यांचे ग्राहक (रिसेप्टर) वरच्या पृष्ठभागावरून बाजूला आणि खाली सरकतात, शेजारच्या पेशींमधल्या घट्ट सांध्यांच्या खाली अडकतात, आणि वरच्या द्रावणातला संदेश तिथवर पोचत नाही. कडेच्या पेशींची एक बाजू उघडी असते, म्हणून त्या ऐकतात. दुसरी गोष्ट अशी की बीएमपी मिळताच पेशी नॉगिन नावाचं त्याच्याच विरोधातलं प्रथिन सोडू लागतात. कडेचं नॉगिन बाहेर वाहून जातं, मध्यात ते साचून राहतं. म्हणजे मधल्यांचे हात बांधलेले, आणि वर छत्रीही धरलेली.

मग कडेच्या पेशी दुसरा संदेश सोडतात, त्याचं नाव विंट. त्यातून तिसरा सुटतो, नोडाल. हे दोन्ही काठाकडून आत सरकत जातात. त्यामुळे पेशीला संदेश किती मिळाला याबरोबर कधी मिळाला आणि किती वेळ टिकला हेही मोजलं जातं. इथे गुलालाची उपमा तोकडी पडते, सोडून देऊ.

वर्गात मी हे फळ्यावर काढलं आणि विचारलं: चकती लहान केली तर काय होईल? बहुतेकांनी सांगितलं, सगळी कडी त्या प्रमाणात बारीक होतील, फोटो लहान केल्यासारखी. कागलची पोरगी गप्प होती. मग म्हणाली, “मधलं जाईल. सर, वाटण्या झाल्या की बांध तेवढाच राहतोय, पीक कमी येतंय.”

नेमकं तसंच होतं. ठसा लहान लहान करत नेला तर बाहेरच्या कड्यांची रुंदी जवळपास तीच राहते आणि मधला, वरच्या थराचा भाग आक्रसत जाऊन शेवटी नाहीसा होतो. पेशी अंतर मोजतात ते काठापासून. चकती एकूण केवढी आहे याची त्यांना फिकीर नाही. हा निष्कर्ष काढायला मोठी प्रयोगशाळा लागली, आणि माझ्या वर्गात तो वाटणीच्या भांडणांतून आला. मला त्या दिवशी शिकवल्यासारखं वाटलंच नाही.

पण हे खरंच भ्रूणासारखं आहे कशावरून? कड्यांना भ्रूणातल्या थरांची नावं दिली म्हणून ती तीच ठरत नाहीत. यावर दोन प्रकारे ताळा झाला. एक सरळ: २०२१ मध्ये सोळा ते एकोणीस दिवसांच्या एका मानवी भ्रूणातल्या १,१९५ पेशींची, एकेक सुटी करून, कोणती जनुकं चालू आहेत याची नोंद प्रसिद्ध झाली. बशीतल्या पेशी तिच्याशी ताडून पाहता येतात. त्यातून काठच्या पेशींवर वादही झाला. आधी त्या वारेच्या वाटेवरच्या समजल्या होत्या, नंतरचे पुरावे त्या गर्भाभोवतीच्या पिशवीच्या अस्तराशी जवळच्या असल्याकडे झुकले.

दुसरा ताळा मला जास्त आवडतो, कारण तो अंड्यातच झाला. १९२४ मध्ये जर्मनीत हिल्डे मांगोल्ड आणि हान्स श्पेमान यांनी पाणसरड्याच्या भ्रूणाचा एक इवलासा तुकडा दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाच्या बाजूला बसवला. तिथे दुसरा पाठकणा, जवळजवळ दुसरं पिल्लूच उभं राहिलं, आणि त्यातल्या बऱ्याच पेशी यजमानाच्या होत्या. म्हणजे तो तुकडा स्वतः सगळं बनत नव्हता, शेजाऱ्यांना कामाला लावत होता. त्याला ऑर्गनायझर म्हणतात. आपल्या भाषेत मुकादम. श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल मिळालं. मांगोल्ड १९२४ मध्येच घरातल्या स्टोव्हच्या अपघातात भाजून गेल्या होत्या, पंचविशीत. माणसात असा मुकादम असतो का, हे मानवी भ्रूणावर करून बघणं अशक्य. ब्रिव्हानलू यांच्या गटानं २०१८ मध्ये बशीतल्या मानवी चकतीला विंट आणि अॅक्टिव्हिन (नोडालसारखाच संदेश देणारं प्रथिन) देऊन ती कोंबडीच्या भ्रूणाच्या कडेला बसवली. कोंबडीच्या पेशींनी मानवी मुकादमाचं ऐकलं आणि तिथे दुसरा अक्ष धरला, त्यात कोंबडीच्याच पेशींची मज्जाऊतक होती. दोन वंशांची फारकत होऊन तीस कोटी वर्षं उलटली, तरी हुकूम कळला.

मूलपेशींचे नुसते गोळे करूनही पुष्कळ कळतं. केंब्रिजमधून २०२० मध्ये मानवी गॅस्ट्रुलॉइड आले. काही शे पेशींचा गोळा, त्याला विंटच्या वाटेवरचं एक रसायन दिलं, आणि तीन दिवसांत तो लांबुळका होऊन त्याला पुढचं-मागचं टोक आलं. मेंदू नाही, वार नाही, त्यामुळे बाळ होण्याचा प्रश्नच नाही. “प्रयोगशाळेत कृत्रिम बाळ” असे मथळे देणाऱ्यांनी एवढं वाचायला हरकत नव्हती.

मणक्यांची गोष्ट तर आपल्याकडच्या माणसाला सांगावीच लागत नाही. उसाला पेरं कशी येतात, एकामागून एक, ठरावीक अंतरानं? भ्रूणाच्या पाठीशीही तशीच कांडी पडतात, जोडीजोडीनं, डोक्याकडून शेपटाकडे. ऊस शेंड्याला वाढतो, हा शेपटाला. त्यांतूनच पुढे मणके आणि बरगड्या होतात. दर कांड्यामागे पेशींतल्या काही जनुकांचं घड्याळ एकदा टिकटिकतं. कोंबडीत सुमारे दीड तासानं, उंदरात दोन तासांनी. माणसाचा आकडा प्रत्यक्ष मोजणं शक्य नव्हतं. २०२० च्या सुमारास मूलपेशींपासून त्या भागातल्या पेशी बनवून, जनुक चालू झालं की उजेड पडेल अशी सोय करून, तो मोजला: सुमारे पाच तास. संशोधकांनी मग मानवी घड्याळाचं मुख्य जनुक, हेस-७, उंदराच्या पेशीत घातलं. ते उंदराच्याच चालीनं चाललं. म्हणजे संथपणा त्या जनुकात लिहिलेला नाही. माणसाच्या पेशीत प्रथिनं बनणं आणि मोडणं हेच सावकाश चालतं. हे जनुक बिघडलं तर मणके वेडेवाकडे जुळतात. तसा रुग्ण आला तर त्याच्याच त्वचेच्या पेशींतून मूलपेशी बनवून घड्याळ कुठे अडलं ते बशीत पाहता येतं.

आता बशीचा दोष. चकती गोल, काठ सगळीकडून सारखा, म्हणून मधल्या थराचं कडं होतं. खऱ्या भ्रूणात कडं नसतं, रेघ असते, आणि तीही एकाच बाजूनं सुरू होते. गोल ठशाला डोकं कुठे आणि शेपूट कुठे हे सांगणारं कुणी नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटानं २०१९ मध्ये बारीक नळ्यांतून एकाच बाजूनं संदेश सोडला, आणि कडं मोडून एका बाजूला ओढलेलं चित्र आलं. अखेर गुलाल एका अंगानंच उधळावा लागला, वोल्पर्ट सांगत होते तसा. माणसाच्या भ्रूणात तो कोण उधळतं? चकतीच्या खालच्या अस्तरातल्या काही पेशी एका बाजूला “इथे नाही” असा निरोप देतात, असं उंदरावरून आणि माकडावरून दिसतं.

“मग कोंबडीत कोण ठरवतं?” तिचा पुढचा प्रश्न.

कोंबडीत गुरुत्वाकर्षण ठरवतं. अंडं घालण्याआधी ते कवच चढण्याच्या जागी वीसेक तास गोल फिरत राहतं, बलक आत कललेला राहतो, आणि चकतीची जी कड वर राहते तिकडे शेपूट होतं, रेघ तिथून निघते. त्यामुळे उबवायच्या आधीच अंदाज सांगता येतो: अंड्याची बोथट बाजू आपल्या डावीकडे धरली, तर भ्रूण आडवा असतो, शेपूट आपल्याकडे आणि डोकं पलीकडे. फॉन बेअर यांनी एकोणिसाव्या शतकात सांगून ठेवलेला नियम आहे हा.

तिनं उरलेल्या सात अंड्यांवर पेन्सिलीनं बाण काढले आणि डब्यात ठेवली. तेहतीस तासांनी उघडली. सहांत डोकं बाणाकडे होतं. सातव्यात ते तिरकं होतं, आणि मामा म्हणाले, “ते एसटीत आपटलंय.”